सखुबाईचा देबू



अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागले की दहा-बारा किलोमीटरवर वलगाव लागते. गावाजवळून पेढी नदी वाहते. या नदीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. प्रकृती पार ढासळली होती, त्यांना मोटारीने अमरावतीकडे नेले जात होते, आणि वाटेतच सारे संपले. बाबांची निर्वाणभूमी म्हणून आजही लोक वलगावला येतात, घटकाभर थांबतात, हात जोडतात आणि आपल्या कामाला लागतात.

बाबांची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. हातात खराटा, डोक्यावर खापर, अंगावर चिंध्यांची गोधडी. दिवसा झाडलोट, रात्री कीर्तन. एवढे आपल्याला पाठ असते. पुढे राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि बाबांचे चित्र गावोगावच्या भिंतींवर आले. पण या माणसाला एक माय होती, हे आपण सहसा विचारात घेत नाही. तिचे नाव सखुबाई. आज बाबांकडे तिचा मुलगा म्हणून पाहू या.

याला कारण आहे. आपल्या घरांमधून एक दुखणे पुन्हा पुन्हा ऐकू येते. मुलगा नोकरीसाठी पुण्याला जातो, माय गावी राहते. रोज संध्याकाळी फोन येतो आणि रोज रडणे होते. बहिणीच्या लग्नासाठी कर्ज काढ, असा बापाचा आग्रह असतो आणि आधीचेच कर्ज फिटलेले नसते. एखाद्या घरी बाप दारू पितो आणि पैसे मुलाकडे मागतो. लग्न झालेल्या लेकीच्या संसारात माहेरची माणसे रोज लक्ष घालतात. नकार द्यावा तर मन खाते, होकार द्यावा तर घर बुडते. त्यात आपल्याला लहानपणापासून चौथी आज्ञा शिकवलेली असते. आईबापाचा मान राखायचा. मग नाही म्हणणे म्हणजे मान न राखणे, असे आपण धरून चालतो आणि आतल्या आत कुढत बसतो.

आपल्या वऱ्हाडात दोन शेतांमध्ये धुरा असतो. धुरा म्हणजे भिंत नव्हे. त्यावर गवत उगवते, बोरीचे झाड असते, दोन्हीकडचे शेतकरी दुपारी त्याच्या सावलीत बसून शिदोरी सोडतात. पण वखर कुठे वळवायचा हे मात्र धुरा ठरवतो. धुरा नसला की सख्खे भाऊ कोर्टात जातात, हे आपण पाहतोच. देबूजी हा हाडाचा शेतकरी होता, त्यामुळे धुरा म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

देबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावी झाला. हे गाव आज अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात येते. जात परटाची. गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीत बलुते घ्यायचे, असा तो धंदा. बाप झिंगराजी चांगला माणूस होता, पण दारूच्या नादी लागला. दारू त्या काळी चोरून प्यायची गोष्ट नव्हती. देवाला बोकड कापला की दारू आली, बारसे आले की दारू आली, कोणी मेले तरी दारू आली. नाही म्हणणारा माणूस जातीच्या पंगतीत एकटा पडायचा. झिंगराजीला नाही म्हणता आले नाही. शेतीवाडी गेली, शरीर गेले आणि १८८४ साली तो वारला. देबू तेव्हा आठ वर्षांचा होता.

शेवटच्या दिवसांत झिंगराजीला पश्चात्ताप झाला होता असे चरित्रकार सांगतात. या व्यसनाच्या आणि बोकडबळीच्या वाऱ्यालाही पोराला उभे करू नकोस, असे त्याने सखुबाईला बजावले होते. म्हणजे बापानेच पोराला आपल्यापासून, आपल्या वाटेपासून दूर ठेवायला सांगितले. सगळ्याच बापांना हे सुचत नाही. सुचले तरी बोलायला फार मोठे मन लागते. मुलांनी आपल्यासारखेच व्हावे असे वाटणारे आईबाप घरोघरी आहेत. मुलाने आपल्यासारखे होऊ नये असे मरता मरता सांगणारा झिंगराजी गावाच्या लेखी दारुडा होता, पण या एका बाबतीत तो पुष्कळांच्या पुढे गेला.

सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली. माहेर दापुरे, तालुका मूर्तिजापूर. भाऊ चंद्रभान याने बहिणीला आधार दिला. विधवा बहीण आणि तिचे पोर म्हणजे घरात दोन तोंडे वाढली, हे सखुबाईला कळत नव्हते असे नाही. देबू गुरे राखू लागला. मग औत हाती आले. तो पट्टीचा पोहणारा होता, गळा गोड होता, रात्री भजनात रमायचा. अंगमेहनतीला मागे हटत नसे. मामाची शेती त्याने आपलीच समजून कसली. १८९२ साली त्याचे लग्न झाले. बायको कुंताबाई.

मामाची शेती सावकाराच्या कागदात अडकली. चंद्रभानला लिहिता-वाचता येत नव्हते. सावकाराच्या शब्दावर विसंबून तो अंगठे देत गेला आणि एक दिवस शेत आपले राहिले नाही हे कळले. त्या धक्क्याने तो गेला. सखुबाईचा नवरा दारूने नेला होता, भाऊ कर्जाने नेला. यानंतर देबूजीने राबून पैसा फेडायचा प्रयत्न केला, तरी सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आलीच. तेव्हा हा शांत, भजनी माणूस काठी घेऊन उभा राहिला आणि त्याने त्यांना पिटाळून लावले. साऱ्या गावाला नवल वाटले. सावकारापुढे मान वर करायची नाही, ही तेव्हाची रीत होती आणि थोरामोठ्यांनी ती पिढ्यान्पिढ्या पाळली होती. देबूजीने ती मोडली.

सावकाराला आडवे जाणे तसे सोपे. त्याच्यावर आपले प्रेम नसते. ज्यांच्यावर जीव आहे त्यांना आडवे जाताना पाय लटपटतात. देबूजीवर ती वेळ मुलीच्या बारशाला आली.

पहिली मुलगी झाली, आलोका. बारशाला जातभाईंना जेवण घालायचे. जेवण म्हणजे मटण आणि दारू. त्यासाठी कर्ज काढायचे आणि पुढची दोन-तीन वर्षे ते फेडत बसायचे. यात कोणाला काही वावगे वाटत नसे. उलट जो मोठी पंगत घालील त्याचे नाव होई. देबूजीने ठरवले की माझ्या घरी हे होणार नाही. पंगत होईल, पोटभर होईल, पण गोडाची होईल. त्याने बुंदीचे लाडू केले.

आज आपल्याला ही गोष्ट किरकोळ वाटेल. तेव्हा ती किरकोळ नव्हती. जातीची रीत मोडली म्हणून वाळीत टाकत. वाळीत पडलेल्या घरात मुलगी कोण देणार, त्या घरची मुलगी कोण करून घेणार? मेल्यावर खांदा द्यायला कोण येणार? सखुबाई आधीच भावाच्या गावात, भावाच्या आसऱ्याने राहिलेली विधवा. तिचा सारा भरवसा चार जातभाईंवर. पंगतीला आलेले भाऊबंद कुरकुरले, नाराज झाले. त्या दिवशी तिच्या पोटात काय कालवले असेल, याचा अंदाज आपल्यातल्या कुठल्याही आईला येईल. ज्या दारूने तिचा नवरा नेला तीच दारू पंगतीला नाही म्हणून घराची अब्रू जाण्याची वेळ आली होती. माणसाचे मन असेच असते. ज्या चालीने आपले वाटोळे केले, तीच चाल मुलाने मोडली की आपल्याला भीती वाटते.

या प्रसंगात देबूजी कसा वागला ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्याने जातभाईंना बोलावणेच टाळले असते तर भांडण झाले असते. भाषण ठोकून त्यांची लाज काढली असती तर आईला तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्याने तसे केले नाही. पंगत मांडली, मानाने वाढले, पाहुण्यांना उपाशी उठू दिले नाही. जे द्यायचे ते हात आखडता न घेता दिले. जे द्यायचे नाही ते दिले नाही. हाच तो धुरा. नकार लाडवाच्या ताटात वाढता येतो, हे वऱ्हाडातल्या एका अडाणी परटाला विसाव्या शतकापूर्वी कळले होते. आपण मात्र नकार द्यायचा म्हटले की आधी आवाज चढवतो, मग रडतो, मग दार आपटतो आणि शेवटी जे मागितले ते देऊन मोकळे होतो.

येथवर मला देबूजीचे वागणे समजते आणि आवडते. पुढचे अवघड आहे.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे, सारे झोपेत असताना, देबूजी घर सोडून निघून गेला. वय अठ्ठावीस. मागे माय होती, बायको होती, लहान लेकरे होती. अंगावर फाटके कपडे, हातात काठी आणि एक मडके. निरोप घेतला नाही.

थोरांच्या चरित्रात असा प्रसंग आला की आपण तो भक्तिभावाने वाचून पुढे जातो. गौतम बुद्धाचा दाखला दिला जातो. तो दाखला चुकीचा आहे असे नाही. पण सकाळी उठल्यावर सखुबाईने अंथरूण रिकामे पाहिले असेल, विहिरीवर, शेतात, नातेवाइकांकडे शोध घेतला असेल, आणि दिवसामागून दिवस गेले असतील, ते या दाखल्यात येत नाही. नवरा गेला, भाऊ गेला, आता मुलगा. तोही जिवंत आहे की नाही हे माहीत नाही. कुंताबाईचे तर बोलायलाच नको. संसाराचा गाडा दोन बायकांवर पडला. पुढे लाखो लोकांचे भले झाले, हे खरे. पण त्या पहाटेचे मोल दापुऱ्याच्या त्या घराने मोजले. बाबांविषयी पूर्ण आदर ठेवूनही एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. न सांगता निघून जाणे याला मर्यादा घालणे म्हणत नाहीत. मर्यादा घालायला समोर उभे राहावे लागते. आजही काही मुले फोन नंबर बदलतात, पत्ता देत नाहीत, दोन-दोन वर्षे गावी फिरकत नाहीत आणि म्हणतात, आम्ही आमची शांती जपतो. त्यांना त्या शांतीत झोप लागते का, ते त्यांनाच ठाऊक.

येथे असिसीच्या फ्रान्सिसची आठवण होते. कापडाचा मोठा व्यापारी असलेल्या बापाशी त्याचे बिनसले, तेव्हा तो पळून गेला नाही. १२०६ साली बिशपांसमोर, गावासमोर, त्याने अंगावरचे कपडेसुद्धा काढून बापाच्या स्वाधीन केले. ते तोडणे उघड होते, पण फार कठोर होते. बापाचा अपमान झाला आणि त्या दोघांचा समेट झाल्याचे कुठे वाचायला मिळत नाही. देबूजीचे तोडणे गुपचूप होते. दोन्ही वाटा आपल्यासारख्यांना झेपणाऱ्या नाहीत. देबूजीची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण ती त्या पहाटेला संपत नाही. फ्रान्सिसचा बाप कथेतून निघून जातो. सखुबाई निघून जात नाही.

देबूजी गावोगाव फिरला. कोणी वेडा समजले, कोणी चोर. जिथे जाईल तिथे आधी झाडायचे, गटार साफ करायचे, लाकडे फोडायची, मग भाकरी मागायची. काम केल्याशिवाय खायचे नाही. डोक्यावरच्या खापरामुळे आणि हातातल्या गाडग्यामुळे लोकांनीच नाव दिले गाडगेबाबा. सखुबाईच्या देबूला हे नवे नाव मिळाले तेव्हा ती तिथे नव्हती.

मग ऋणमोचन आले. पूर्णेच्या काठी मुद्गलेश्वराचे देऊळ आहे. पौष महिन्यात रविवारी तिथे यात्रा भरते. नदीचा काठ चिखलाचा, निसरडा. म्हातारीकोतारी घसरून पडत. बाबांनी तिथे माती टाकून, दगड टाकून वाट करायला सुरुवात केली. १९०८ साली त्यांच्या प्रयत्नांतून पूर्णेवर घाट बांधला गेला. बाबांच्या हातून झालेल्या बांधकामांची ही सुरुवात मानली जाते. यात्रा म्हणजे सगळ्या वऱ्हाडाची गाठभेट. ओळखीच्या माणसांनी पाहिले आणि दापुऱ्याला निरोप गेला की तुमचा देबू येथे आहे.

माय आली, कुंताबाई आली. तीन वर्षांनी दिसलेला मुलगा चिंध्या पांघरून चिखलात राबत होता. घरी चल, असा आग्रह झाला. कोणत्याही आईने हेच केले असते. देबूजी गेला नाही.

यात विशेष काय, असे कोणी म्हणेल. आधीही गेला होता, आताही परतला नाही. फरक मोठा आहे. पहिल्या वेळी त्याने अंधारात पाठ फिरवली होती. या वेळी माय समोर होती, दिवस होता, चारचौघे पाहत होते, तरी तो तिथून पळाला नाही. आईचे रडणे ऐकून घेतले. आपल्या ठरलेल्या वाटेवरून मात्र हलला नाही. आणि यानंतर त्याचा ठावठिकाणा घरच्यांपासून तुटला नाही. ऋणमोचनची यात्रा वर्षानुवर्षे होत राहिली, घाटापाठोपाठ तिथे लक्ष्मीनारायणाचे मंदिर उभे राहिले. मुलगा घरी येणार नाही, हे आईला कळले होते. पण तो कुठे आहे, काय करतो, हेही कळले होते. ज्यांची मुले दूर आहेत त्यांना विचारा, या दुसऱ्या कळण्याची किंमत किती असते.

आईचे रडणे आणि आपला अपराध या दोन गोष्टी आपण फार पटकन एक करून टाकतो. आई रडली म्हणजे मी वाईट, असा आपला हिशेब. आईला दुःख होते कारण तिचा जीव आहे. त्या दुःखाजवळ बसावे, तिचे डोळे पुसावे. पण दुःख झाले म्हणून दरवेळी निर्णय बदलावा असे नाही. प्रभू येशू कफर्णहूमच्या घरात लोकांमध्ये असताना त्याची आई आणि भाऊबंद बाहेर येऊन उभे राहिले होते, हे आपण शुभवर्तमानात ऐकतो. तो काम अर्धवट टाकून उठला नाही. आणि हाच पुत्र शेवटी क्रुसावरून आईची सोय लावून गेला. या दोन प्रसंगांपैकी एकच लक्षात ठेवला की गोंधळ होतो.

बाबांचे काम वाढत गेले. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा झाली. अस्पृश्य म्हणून ज्यांना कुठे थारा नव्हता त्यांना चंद्रभागेकाठी छप्पर मिळाले. नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय झाले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी १९५४ साली धर्मशाळा झाली. लोक पैसा ओतत होते. बाबांनी त्यातला पैसाही स्वतःकडे ठेवला नाही. पंढरीला इतकी वर्षे गेले, पण त्यांची भक्ती बाहेर झाडण्यात होती. ज्या धर्मशाळा बांधल्या त्यांत स्वतः मालकासारखे कधी राहिले नाहीत. कोणी पायाला हात लावायला आले तर पळत.

आता नात्याची दुसरी बाजू पुढे आली. मुलगा मोठा झाला की घरच्यांना वाटते, आपलेही दिवस पालटतील. त्यात गैर काही नाही. बाबांनी हे होऊ दिले नाही. घरच्यांनी मूर्तिजापूरला झोपडीत राहावे, कष्टाचे खावे, धर्मशाळेच्या पैशाला आणि मानाला हात लावू नये, असा त्यांचा दंडक होता. भक्त मंडळींना हे फार लागे. बाबांच्या पत्नीला चांगले लुगडे द्यावे, बरे घर बांधावे, असे त्यांना वाटे. बाबा बधत नसत. कुंताबाईच्या बाजूने पाहिले तर हा दंडक जाचक होता यात शंका नाही. तिने तो आयुष्यभर सोसला आणि त्याबद्दल तिचे म्हणणे काय होते हे कोणी लिहून ठेवले नाही. पण बाबांची अडचणही खरी होती. तो पैसा गरिबांनी गरिबांसाठी दिला होता. त्यातून एक लुगडे आले असते तर उद्या दोन खोल्या आल्या असत्या, आणि परवा नातेवाइकांचा कारभार. आपल्याकडच्या किती संस्था अशाच बुडाल्या.

१९२३ सालच्या मे महिन्यात कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना त्यांचा एकुलता मुलगा गोविंद वारल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. ही गोष्ट वैराग्याचा कळस म्हणून सांगितली जाते. मला ती नेहमी जड जाते, म्हणून येथे तिच्यावर अधिक लिहीत नाही.

त्यापेक्षा बाबा कीर्तनात लोकांना काय सांगत ते आपल्या विषयाला धरून आहे. ते गोड वऱ्हाडी बोलीत समोरच्यांना प्रश्न विचारत, उत्तरे त्यांच्याकडूनच काढून घेत. लग्नासाठी कर्ज काढू नका. तेरवीच्या पंगतीसाठी कर्ज काढू नका. देवाला बोकड कापू नका. दारूच्या वाटेला जाऊ नका. ताट विकावे लागले तर विका, हातावर भाकरी खा, पण मुलाला शाळेत घाला. नीट पाहिले तर यातले प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी घरात जाऊन वडीलधाऱ्यांच्या इच्छेला आडवे येणारे होते. लग्न वाजतगाजत व्हावे ही इच्छा आजोबांची असते. तेरवीला गाव जेवावे ही इच्छा आजीची असते. ऐकणारा तरुण कीर्तनातून उठून घरी जाई तेव्हा त्याला आपल्याच आईबापाशी बोलावे लागे. दापुऱ्याच्या बारशात देबूजीने जे एकट्याने केले, ते आता हजारो घरांत व्हायला लागले होते. झिंगराजी आणि चंद्रभान यांची मरणे त्या कीर्तनांत नावाशिवाय हजर असत.

हे सारे सांगताना कोणी असा अर्थ घेऊ नये की म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडायला परवानगी मिळाली. आईबापाच्या पोटापाण्याची आणि औषधपाण्याची जबाबदारी मुलांवर आहेच. २००७ साली त्यासाठी केंद्राचा कायदाही झाला आणि न सांभाळणाऱ्या मुलांविरुद्ध आईबापांना उपविभागीय पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाह मागता येतो. वकिलाचीही गरज पडत नाही. कायदा करावा लागला ही शरमेची गोष्ट, पण तो आहे हे म्हाताऱ्यांना माहीत असावे. औषधाचे पैसे आणि दारूचे पैसे यांत मात्र फरक आहे. बापाला दवाखान्यात न्यायचे, गुत्त्यावरची उधारी भरायची नाही. आईचा फोन रोज घ्यायचा, पण बायकोच्या स्वयंपाकाची तपासणी फोनवर करू द्यायची नाही. बहिणीच्या लग्नाला जमेल तेवढे रोख द्यायचे, सावकाराच्या किंवा बँकेच्या कागदावर सही करायची नाही. आणि हे आधी सांगायचे, शांतपणे सांगायचे, दरवेळी तेच सांगायचे. आज नाही म्हणून उद्या रडण्याला भिऊन हो म्हटले की समोरच्याला कळते, अजून थोडे रडले की काम होते. यात त्या आईचाही दोष नसतो. धुरा दरवर्षी सरकत असेल तर शेजाऱ्याने वखर कुठे वळवावा?

मन तरीही खाते. ते पहिल्या वर्षी जास्त खाते. दापुऱ्याच्या लाडवांची रात्र देबूजीला सुखाची गेली असेल असे समजायचे कारण नाही.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी बाबांच्या कार्यासाठी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. उभ्या आयुष्यात लोकांच्या पैशातून जे जे उभे राहिले होते ते बाबांनी विश्वस्तांच्या हाती सोपवले. कागद करताना त्यांनी आपल्या नातेवाइकांचा या मालमत्तेवर कसलाही हक्क नाही, हे स्पष्ट करून ठेवले. ते स्वतः शाळेत गेलेले नव्हते. पण अंगठा देऊन शेत घालवणाऱ्या मामाच्या घरी वाढलेल्या माणसाला कागदावर काय असावे आणि काय नसावे, हे पक्के माहीत होते.

चार वर्षांनी, १९५६ च्या डिसेंबरात, ६ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले आणि त्यानंतर चौदाव्या दिवशी गाडगेबाबा गेले. वलगावच्या पुलावरून त्यांचा देह अमरावतीला आणला. तुकडोजी महाराज आले, सारा वऱ्हाड लोटला. जिथे अंत्यसंस्कार झाले तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रभर पसरलेल्या त्या धर्मशाळांपैकी एकही खोली जाणोरकरांच्या वाट्याला आली नाही.